पोको एफ१ वर मोबियन आहे, घरी रेंज शून्य. पॅकेजं टाकायची कशी?

गिरणीवाला_किनवट

रामराम मंडळी. हकीकत सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही, म्हणून जरा लांबड लावतो.

किनवट तालुक्यात डोंगराच्या पोटात आमची वाडी. पिठाची गिरणी चालवतो. घरात रेंज नाहीच. शाळेच्या गच्चीवर एक दांडी येते, तीबी कधी इकडची, कधी तेलंगणाची. मग तेलुगूत स्वागताचा मेसेज पडतो. हे लिहायलाबी गच्चीवरच चढलोय. मजकूर जातो, पण दहा एमबीची फाइल लावली की रात्रभर गोल फिरतं आन् पहाटं फेल.

भाच्याचा जुना पोको एफ१ माझ्याकडं आलाय. २०१८ चा फोन, मागचं झाकण तडकलंय, पण आत ६ जीबी रॅम हाय. भाच्याच्या मित्रानं नांदेडला त्याच्यावर मोबियन बसवून दिलं. म्हणजे डेबियन नावाचं लिनक्सच, फोनच्या मापाचं शिवलेलं. मला त्याच्यावर किविक्स पाहिजे, मराठी विकिपीडिया बिननेटचा वाचता यावा म्हणून. संध्याकाळी दळण घेऊन येणारी लेकरं गिरणीतच दप्तर उघडून बसतात. त्यांना काही विचारायचं झालं तर मी हाय, आन् माझं शिक्षण बारावी.

आता आमची दळणवळणाची तऱ्हा. मेमरी कार्ड काडेपेटीत घालतो, काळीपिवळीच्या ड्रायव्हरकडं देतो. तो किनवटला भाच्याच्या झेरॉक्सच्या दुकानात टाकतो. भाचा विंडोजवर डाउनलोड करतो, दुसऱ्या दिवशी काडेपेटी परत. फोनच का पाठवत नाही म्हणाल, तर त्या जीपमध्ये माणसाला बसाया जागा नसते, फोन कुठं ठेवतील?

पहिल्या खेपेला लोहित देवनागरीचा फॉन्ट मागवला, कारण टर्मिनलमध्ये मराठीच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. डेब फाइल (डेबियनचं पॅकेज अशा फाइलीत येतं) आली, 'सुडो डीपीकेजी -आय' मारलं, चौकोनांची अक्षरं झाली. मला वाटलं जमलं आपल्याला. दुसऱ्या खेपेला किविक्स मागवलं. म्हणतंय पॅकेज एएमडी६४ चं, सिस्टिम एआरएम६४ ची, जुळंना. तिसऱ्या खेपेला एआरएम६४ चं आणवलं. आता म्हणतंय ह्याला अमकं पाहिजे, तमकं पाहिजे. तीन लायब्ऱ्या आणवल्या, त्या तिघींनी मिळून आणखी सात मागितल्या. लग्नात मानापानाला एक काका बोलवावा आन् त्याच्यामागं सगळी भावकी रुसून बसावी, तसं झालंय. चार खेपा झाल्या. ड्रायव्हर विचारायलाय, मामा, काडेपेटीत नेमकं काय असतंय?

सगळी भावकी एकाच खेपेत आणायची काही युक्ती?

लातूरपॅटर्न

दुसऱ्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावा आणि 'एपीटी इन्स्टॉल किविक्स' मारा. दोन मिनिटांचं काम आहे.

गिरणीवाला_किनवट

भाऊ, पोस्ट वाचली का? हॉटस्पॉट लागतो, पण त्याच्यातून यायला काहीतरी असावं लागतं की. नळ हाय, टाकीत पाणी नाही.

परभणीचा_डेब

काका, पहिली खेप यशस्वी झाली तिथंच घात झाला. फॉन्टच्या फाइलचं नाव नीट बघा, शेवटी अंडरस्कोर ऑल असेल. त्यात प्रोसेसरसाठी बनवलेला कोड नसतो, म्हणून ती कुठल्याही मशीनवर चालते. किविक्सचं तसं नाही. डेबियनच्या पॅकेज पानावर खाली आर्किटेक्चरचा, म्हणजे प्रोसेसरच्या जातीचा, तक्ता असतो. तुमच्या भाच्यानं सवयीनं एएमडी६४ वर टिचकी मारली असणार. दुकानातल्या संगणकाला तेच लागतं, फोनला नाही.

दुसरी गोष्ट, डीपीकेजी हा हमाल आहे. दिलेलं पोतं उचलून जागेवर ठेवतो, त्याला काय काय लागतं याची यादी वाचून दाखवतो आणि गप्प बसतो. सामान जुळवायचं काम एपीटीचं. आणि ते काम एपीटी नेट नसतानाही करतं, फक्त ओढून आणत नाही. तेवढंच तुम्हाला हवंय.

पण आधी उकिरडा साफ करा. तुमचं किविक्स अर्धवट पडलंय. तसं असताना एपीटीला काहीही विचारलं तरी ते 'फिक्स-ब्रोकन' करा म्हणून अडून बसेल. 'डीपीकेजी --ऑडिट' मारलं की अर्धवट काय काय आहे ते दिसेल. आधी 'सुडो डीपीकेजी --रिमूव्ह किविक्स', मग ज्या लायब्ऱ्या लोंबकळतायत त्याही तशाच काढा.

मग फोनवरच हे चालवा:

एपीटी-गेट -वाय --प्रिंट-युआरआयज इन्स्टॉल किविक्स > यादी.टीएक्सटी

मी देवनागरीत देतोय, तुम्ही रोमनमध्ये टाइप करा. यानं काहीच बसत नाही, सुडोही लागत नाही. बसवायचं झालं तर कुठून काय आणावं लागेल ते छापून येतं. एका ओळीत अवतरणचिन्हांत पूर्ण पत्ता, मग फाइलचं नाव, मग आकार बाइटमध्ये, शेवटी हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारी खुणेची अक्षरं. हे सगळं तुमच्या फोनचं आर्किटेक्चर, तुमची डेबियनची आवृत्ती आणि आधीच काय बसलंय ते बघून निघतं. म्हणून ही यादी फोनवरच काढायची, दुकानात नाही. भाच्यानं फक्त पत्ते ब्राउझरमध्ये टाकायचे आणि आलेल्या फाइलींचे आकार ताडून बघायचे.

काडेपेटी परत आली की सगळ्या डेब एका फोल्डरात घाला, त्या फोल्डरात जा आणि:

सुडो एपीटी-गेट इन्स्टॉल --नो-डाउनलोड ./*.डेब

पुढचं टिंब आणि तिरकी रेघ विसरू नका. ती नसली तर एपीटी त्याला फाइल समजत नाही, पॅकेजचं नाव समजून शोधत बसतं. शेवटी 'अनसँडबॉक्स्ड' अशी काहीतरी कुरकुर करेल, तिकडं दुर्लक्ष करा.

एकच शंका. नांदेडला बसवताना त्या पोरानं एकदा तरी 'एपीटी अपडेट' केलं होतं का? केलं नसेल तर फोनला पॅकेजांची नावंच माहीत नसतील.

पाइनफोनवाली

वरचं सगळं बरोबर. पण काका, यादी काढण्याआधी थांबा. किविक्स नावाचं पॅकेज मागवूच नका. ते खिडकीवालं ॲप आहे आणि त्याच्या पोटात क्यूटी वेबइंजिन येतं, म्हणजे जवळजवळ एक अख्खा ब्राउझर. मोबियनमध्ये फायरफॉक्स आधीच आहे. दुसरा ब्राउझर काडेपेटीतून कशाला आणता?

'किविक्स-टूल्स' मागवा. त्यात किविक्स-सर्व्ह म्हणून छोटा सर्व्हर आहे. विकिपीडियाची झिम फाइल त्याला दाखवायची, तो फोनवरच पान वाढतो आणि आपण फायरफॉक्समध्ये लोकलहोस्टवर, म्हणजे फोनच्या स्वतःच्याच पत्त्यावर, वाचायचं. झिम फाइल भाच्याला किविक्सच्या साइटवरून वेगळी उतरवावी लागेल. चित्रांशिवायची मराठी घ्या, लहान पडते. मोठी घ्यायची झाली तर कार्ड फॅट३२ आहे का बघा. त्यावर ४ जीबीच्या वरची एक फाइल मावत नाही.

माझ्या फोनवर पोस्टमार्केटओएस आहे. त्याच्या खाली डेबियनऐवजी अल्पाइन नावाचं लिनक्स असल्यामुळे तिथं एपीटी नाही, एपीके आहे. अँड्रॉइडच्या एपीकेशी त्याचं फक्त नावात साम्य. त्याच पंथातलं कुणी इथं आलं तर: नेट असलेल्या अल्पाइनवर 'एपीके फेच --रिकर्सिव्ह' म्हटलं की भावकीसकट फाइली उतरतात. फक्त --आर्क देऊन एआर्क६४ मागायला विसरू नका. फोनवर 'एपीके ॲड --नो-नेटवर्क' नं बसतात, सही नसलेली फाइल असेल तर --अलाउ-अनट्रस्टेड. उबुंटू टचवाल्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये. तिथं मूळ सिस्टिम फक्त वाचण्यापुरती उघडी असते, ॲपं क्लिक पॅकेजांनी येतात.

गिरणीवाला_किनवट

तीन दिवसांनी गच्चीवर आलो, मधी पाऊस होता.

किविक्स काढलं, लोंबकळणाऱ्या लायब्ऱ्या काढल्या. नांदेडला अपडेट मारलेलं होतं, नावं वळखायलंय. गंमत म्हणून दोन्ही याद्या काढून बघितल्या. नुसत्या किविक्सची यादी स्क्रीनवर सरकतच राहिली, सत्तराच्या वर ओळी. किविक्स-टूल्सच्या बारा. ताईंचे उपकार.

बारा ओळींची फाइल काडेपेटीत गेली. भाच्यानं दहा आणल्या. दोन पत्त्यांवर ४०४ म्हणे. मामा, तुमची यादी चुकली म्हणायलाय. यादी मी हातानं लिहिली का, फोननं लिहिली की.

परभणीचा_डेब

यादी चुकली नाही, शिळी झाली. नांदेडला अपडेट केलं त्या दिवशीचे आवृत्ती-क्रमांक फोनला पाठ आहेत. मधल्या काळात त्या दोन पॅकेजांची सुधारित आवृत्ती आली आणि जुन्या फाइली डेबियनच्या साठ्यातून हलवल्या. स्थिर डेबियन असल्यामुळे दोनच गेल्या. रोज बदलणाऱ्या शाखेवर असता तर अर्धी यादी बाद झाली असती.

फेकलेलं काही नसतं. स्नॅपशॉट.डेबियन.ऑर्ग वर जुन्या आवृत्त्या जपून ठेवलेल्या असतात. भाच्याला म्हणावं, तिथं फाइलचं नेमकं नाव आणि क्रमांक शोध आणि एआरएम६४ चीच उचल. हॅश यादीतल्या हॅशशी जुळला पाहिजे, कारण अशा सुट्या डेब फाइलींची सही एपीटी तपासत नाही. विंडोजवर 'सर्टयुटिल -हॅशफाइल', पुढं फाइलचं नाव आणि शेवटी 'एसएचए२५६' लिहिलं की हॅश निघतो. डेबियनच्या पानावर नव्या आवृत्तीची फाइल दिसते म्हणून भलत्याच शाखेतली मात्र उचलू देऊ नका. तुमचा फोन डेबियन १२ वर असेल आणि फाइल १३ ची आणली, तर ती नवी लिबसी६ मागेल, म्हणजे सगळ्या प्रोग्रामांच्या पायातली लायब्ररी. तिला हात लावला की सगळं घर हलतं.

पुढं कधी तुम्ही स्वतः किनवटला जाल तेव्हा फोन खिशात न्या, दुकानाच्या नेटवर एकदा 'एपीटी अपडेट' मारून आणा. मग काही महिने काडेपेटी निवांत चालेल. फोनवर एपीटी-ऑफलाइन बसवलंत तर अपडेटसुद्धा काडेपेटीतून होतं. ते काय काय आणायचं त्याची फाइल बनवून देतं, विंडोजवर तोच प्रोग्राम ती वाचून सगळं गोळा करतो. भाच्याला थोडं पायथन बसवावं लागेल, त्याची तयारी असेल तर.

गिरणीवाला_किनवट

झालं.

दोन्ही फाइली भाच्यानं स्नॅपशॉटवरनं काढल्या, हॅश फोनवर पाठवले, मी गच्चीवर बसून एकेक अक्षर ताडलं. चौसष्ट अक्षरं. एकीत मधीच चुकलो, परत पहिल्यापासनं. काल संध्याकाळी कार्ड घातलं. ./*.डेब लिहिताना टिंब विसरलो, शिव्या खाल्ल्या, परत मारलं. बारा ओळी सरसर गेल्या, एकबी पाहुणा रुसला नाही. त्या अनसँडबॉक्स्डची कुरकुर आली, सोडून दिली.

मग किविक्स-सर्व्हला ८०८० पोर्ट आन् झिम फाइल दिली. फायरफॉक्समध्ये लोकलहोस्ट:८०८० लिहिलं, मराठी विकिपीडिया उघडला. पोरांनी पयल्यांदा काय शोधलं असंल? सहस्रकुंड. दरवर्षी धबधबा बघायला जातात, तरी त्याच्यावर कुणी लिहिलंय का ते बघायचं होतं त्यांना. मग माहूर, मग पैनगंगा, मग एका कार्ट्यानं धोनी.

एकच फोन आन् सहा मुंडकी, भांडणं लागली. तवा सुचलं, लातूरपॅटर्न भाऊंचा हॉटस्पॉट! माझ्या साध्या अँड्रॉइडवर हॉटस्पॉट लावला, पोको त्याला जोडला, लेकरांच्या घरचे दोन फोनबी जोडले. पोकोचा आयपी आन् ८०८० टाकल्यावर त्यांच्यावरबी तेच पान उघडलं. रेंज शून्य, डेटा शून्य. भाऊ, नळ लावलात तुम्हीच, पाणी आम्ही काडेपेटीतून आणलं.

गिरणीचा पट्टा चालू असला की पिठाचा थर फोनवर बसतो, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून वापरायलो. त्यानं फोन तापतोय का काय ते बघायचंय.

लातूरपॅटर्न

बगा, मी म्हणलो नव्हतो का हॉटस्पॉट लावा म्हणून 😄

पाइनफोनवाली

तापणारच. पिशवी काढा आणि फोन गिरणीच्या खोलीबाहेर ओट्यावर ठेवा. हॉटस्पॉट भिंतीपलीकडं सहज पोचतो.

गिरणीवाला_किनवट

हाव, आज ओट्यावर ठेवला. आता सातवीतली पोरगी म्हणायलीय, इंग्रजी शब्दाचा अर्थ दाखवणारं काहीतरी टाका. ड्रायव्हर उद्या सकाळी सातला निघतो. कुठलं पॅकेज मागू?

परभणीचा_डेब

'गोल्डनडिक्ट' या शब्दकोशाच्या ॲपची यादी काढून इथं टाका. क्यूटीची किती भावकी येते ते आधी बघू.