'आर हीड अ नोस' या वेल्श गाण्याचा इतिहास कुठे वाचावा, काय ऐकावं?

प्राजक्त_कार्डिफ:
नमस्कार मंडळी. लेक नऊ वर्षांची आहे, इथेच कार्डिफला शाळेत जाते. १ मार्चला सेंट डेव्हिड दिनाला, म्हणजे वेल्सच्या संताच्या दिवशी, तिचा वर्ग 'आर हीड अ नोस' म्हणणार आहे. अर्थ 'रात्रभर'. साताऱ्याला आईला फोनवर सांगितलं की ही इथली अंगाई आहे. लेकीने लगेच मला अडवलं, "अंगाई नाहीये ती, बाई म्हणाल्या." इंग्रजीत तर सरळ बाळाला झोपवायचे शब्द आहेत! मग खरं काय? आईला नीट समजावून सांगायचंय. भरवशाचं वाचायला आणि ऐकायला काय घेऊ?

मंद्र:
लेक बरोबर आहे. इंग्रजी अंगाई हॅरॉल्ड बोल्टन यांची, १९व्या शतकाच्या शेवटाकडची. वेल्श शब्दांत बाळ कुठेच नाही.

आधी चाल. ती पहिल्यांदा छापली एडवर्ड जोन्स या हार्पवादकाने (हार्प म्हणजे बोटांनी छेडायचं मोठं तंतुवाद्य), १७८४ च्या संग्रहात. तो उत्तर वेल्समधल्या लान्देर्वेलचा, पुढे 'राजाचा कवी' म्हणून ओळखला गेला. त्या काळी हार्पच्या साथीने सुटी कडवी म्हणायची रीत होती, त्यांना 'पेनिल्लियन' म्हणतात. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी 'आर हीड अ नोस' म्हणत ती उचलून धरायची. कीर्तनात टाळकरी ध्रुवपद उचलतात ना, अगदी तसं. म्हणून एकट्याने म्हटलं की हे गाणं मला नेहमी अर्धं वाटतं.

आज गातात ते शब्द जॉन केरिओग ह्यूज (१८३२–१८८७) यांचे. शेतकऱ्याचा मुलगा, मँचेस्टरला रेल्वेत कारकून, नंतर वेल्समध्ये परतून स्टेशनमास्तर. पहिल्या कडव्याचा साधा अर्थ: साऱ्या ताऱ्यांच्या पापण्या रात्रभर सांगतात, वैभवाच्या मुलखाची वाट हीच. अंधार हाही एक वेगळा उजेडच, खरं सौंदर्य दाखवणारा.

'अंधार हाही उजेड' ही ओळ आईंना आधी सांगा. सगळं गाणं तिच्यावर उभं आहे.

वाचायला फिलिस किनी यांचं 'वेल्श ट्रॅडिशनल म्युझिक' (२०११) घ्या. बाई जन्माने अमेरिकन, पण वेल्श शिकून आयुष्यभर याच कामात राहिल्या. ग्रंथालयात मागून बघा. वेल्श लोकगीत मंडळ १९०६ पासूनचं आहे. त्याचं नियतकालिक ॲबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतं.

सूर_आणि_साथ:
ऐकण्याबद्दल माझं मत. बहुतेक जण थेट पुरुषांचं मोठं कोरस लावतात. भव्य असतं, पण मुलीला तालमीसाठी ते नको, शब्द त्या गजरात बुडतात. आधी एक आवाज आणि हार्प एवढंच असलेलं ध्वनिमुद्रण शोधा. मग ऑपेरा गायक ब्रिन टर्फेल, तो स्वतः वेल्श बोलणारा आहे, उच्चार कान देऊन ऐका. अमेरिकन गायक पॉल रोबसनचं इंग्रजीतलं शेवटी ठेवा. तुम्ही कार्डिफलाच आहात तर सेंट फेगन्सच्या संग्रहालयात जाच. प्रवेश फुकट आहे, आणि खेड्यापाड्यांतल्या साध्या माणसांच्या आवाजातली जुनी गाणी त्यांनी जपून ठेवलीत.

उच्चार: गाण्याचा पहिलाच शब्द 'होल्ल', त्यातला ल म्हणताना जीभ ल च्याच जागी ठेवून नुसती हवा सोडायची. मुलांना तो पटकन जमतो, आपल्याला वेळ लागतो.

लष्कर_पुणे:
आमच्या पुण्याचाही एक धागा आहे यात. याच चालीवर रेजिनल्ड हीबर यांनी इंग्रजीत सायंप्रार्थना लिहिली: दिवस कष्टाला, रात्र विसाव्याला. त्यांची सासुरवाडी वेल्समधली, सेंट असाफची. पुढे ते कलकत्त्याचे बिशप झाले. लष्करातलं सेंट मेरी चर्च १८२५ साली त्यांच्याच हस्ते प्रतिष्ठित झालं. १८२६ ला ते तिरुचिरापल्लीत वारले आणि प्रार्थना त्यांच्या मागे १८२७ ला छापून आली. त्या चर्चवरून मी रोज जातो, आईंना हे नक्की सांगा.

मंद्र:
वा, हे फार छान सांगितलंत. प्राजक्त, शेवटचं कडवं राहिलंच होतं. शाळेत कदाचित घेणार नाहीत, पण घरी घ्या. म्हातारपण म्हणजे दुखणं आल्यावरची रात्र. माणसाची संध्याकाळ सुंदर व्हावी म्हणून आपला मिणमिणता उजेड एकमेकांना देऊ या, रात्रभर.

प्राजक्त_कार्डिफ:
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी सेंट फेगन्सला जाऊन आलो, पुस्तकासाठी ग्रंथालयात नाव नोंदवलंय. काल व्हिडिओ कॉलवर आईला शेवटच्या कडव्याचा अर्थ वाचून दाखवला. ती जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "पुन्हा वाच." नंतर लेकीने तिला ध्रुवपद शिकवलं. लेक ओळ म्हणते आणि साताऱ्याहून आई 'आर हीड अ नोस' म्हणते. फोनमुळे सूर अर्धा क्षण मागे पडतो. आज संध्याकाळी पुन्हा बसणार आहेत दोघी.