सगळे पेपर मुंबई-पुण्यावरूनच का जातात?

गोदाकाठ: नांदेडजवळच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. पाण्यातले कीटकनाशकांचे अवशेष फोटोकॅटॅलिस्टने (प्रकाशात काम करणाऱ्या उत्प्रेरकाने) काढायचे, हा आमचा उद्योग. परवा नॅकच्या (कॉलेजांच्या मूल्यांकनाच्या) फायलीसाठी विभागाचे पेपर गोळा केले. बाहेरचा को-ऑथर बहुतेक ठिकाणी मुंबईचा, नाहीतर पुण्याचा. परभणीचा एकही नाही! तिथं 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे, रेल्वेनं तासाभराचा रस्ता, आणि कीटकनाशकं तर त्यांच्याच शेतातली.

कारण उघड आहे. पदार्थाची स्फटिकरचना बघणारी एक्सआरडी तपासणी इकडं कशीबशी होते. टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक), एक्सपीएस (पृष्ठभागाची रासायनिक तपासणी) म्हटलं की पोरगं सॅम्पलच्या बाटल्या घेऊन मुंबईच्या देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसतं. फोटो हातात येईपर्यंत पेपरवर दोन नावं वाढलेली असतात. शेजारच्या जिल्ह्यांशी जोडून कुणी काम केलंय का? सुरुवात कुठून केली?

पंचगंगेचा: सर, मी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा, सध्या कोरियात ग्वांगजूला पोस्टडॉक. आमच्याकडं थिन फिल्मचं (पदार्थाच्या अतिपातळ थरांचं) काम वाढलं ते स्वस्त पद्धतींवर. केमिकल बाथ, स्प्रे, सिलार (आळीपाळीनं द्रावणांत बुडवून थर चढवणं). व्हॅक्यूमची महागडी यंत्रं लागत नाहीत, बीकर आणि चिकाटी पुरते. त्यावर पीएचडी झालेली पोरं कोरियात आली, त्यांनी मागच्यांना बोलावलं. इथल्या चोन्नाम विद्यापीठात कोल्हापुरी मराठी कानावर पडते. म्हणजे मुंबईला वळसा घातला, पण शेजार जोडला असं नाही. सोलापूरपेक्षा कोरिया जवळचा झालाय आम्हाला.

यंत्रवाला_पुणे: थोडं आमच्या बाजूनं. यंत्राचं शुल्क भरलंत तर नाव द्यायचं कारण नाही, आभारात लिहा. डेटाचा अर्थ लावायला कुणी बसलं असेल तरच को-ऑथर. पण शुल्काला पैसे नसले की नाव हेच चलन होतं, हे मी रोज बघतो. देशभरातल्या संशोधन-यंत्रांची नोंद असलेल्या आय-स्टेम पोर्टलवर यंत्राच्या नावानं शोधा, कदाचित पुण्याच्या अलीकडेच सापडेल.

औंढ्याची: आमच्या हिंगोलीत लायगो-इंडिया, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, येतेय. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, 2023 मध्ये सुमारे 2,600 कोटींची मंजुरी. जमीन औंढा नागनाथची. संस्था मात्र पुण्याची आयुका (खगोलशास्त्राची), इंदूरचं आरआरकॅट, गांधीनगरचं आयपीआर. यंत्र दारात आलं तरी पेपरवर हिंगोली येईलच असं नाही. त्यातल्या त्यात आयुका विद्यापीठांसाठीच काढलेली, व्हिजिटिंग असोशिएट म्हणून प्राध्यापकांना जायचा-राहायचा खर्च देते. रसायनवाल्यांना असं काही आहे का, मला नाही माहीत.

गोदाकाठ: @यंत्रवाला, "नाव हेच चलन" अगदी पटलं. बहुतेक कॉलेजांच्या बजेटात टेस्टिंगचा रकानाच नसतो, प्रवासभत्ता असतो! म्हणून मुंबई परवडते. @पंचगंगेचा, तुमच्याकडं आधी पद्धत ठरली, मग माणसं जमली. आम्ही आधी यंत्र शोधतो. परभणीकडं पाण्याचे नमुने आणि पिकांची माहिती आहे, त्याला टीईएम लागत नाही. तिथल्या मृदाशास्त्र विभागात कुणाची ओळख असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा. जूनमध्ये फवारणी सुरू व्हायच्या आत एकदा बसायचंय.