जळगावच्या उन्हात कोरल ब्यूटी मासा टिकेल का?

जळगावकर: भाऊ, ४ फुटी खाऱ्या पाण्याचा टँक आहे, त्यात कोरल ब्यूटी सोडायचा विचार करतोय पण मे मध्ये आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो अन् वरून लाईट जाते, मागच्या वर्षी पाणी ३३ वर गेलं अन् दोन्ही क्लाऊन मासे गेले.

भुसावळवाला: चिलर (पाणी थंड ठेवायचं मशीन), इन्व्हर्टर नसेल तर नको भो. २५-२६ डिग्री लागतं त्याला, प्रवाळातला मासा आहे तो. अन् पाणी उडालं की आरओचं साधं भर, मीठ उडत नाही.

धुळ्याचा: खडक जुने, शेवाळलेले पाहिजेत, दिवसभर तेच खरवडत कपारीत घुसतो. जेमतेम १० सेंटीमीटरचा पण दादागिरी लई! सोबत त्याचाच भाऊबंद फ्लेम अँजल मासा ठेवला होता, तिसऱ्या दिवशी शेपटीच्या चिंध्या. प्रवाळपण कुरतडतो कधीकधी.

जळगावकर: मग आधी चिलर, मासा दिवाळीनंतर बघू.