रेसिडेन्सीतला दिवस: तुमचा कसा जायचा?

पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच रेसिडेन्सीला (कलाकारांना काही दिवस राहून काम करायला जागा देतात तिथे) चाललेय, सहा आठवडे. घरच्यांना वाटतंय ही आता उठल्यापासून झोपेपर्यंत चित्रंच काढणार. मलाही तसंच वाटतंय, म्हणून पोटात गोळा आलाय. जाऊन आलेल्यांनी लिहा ना. ब्रश कधी हातात घ्यायचात, कधी खाली ठेवायचात, एवढं सांगितलंत तरी चालेल.

*

मी पॅरिसला सिते अँतरनासिओनाल नावाच्या रेसिडेन्सीत होतो. 1965 पासूनची जागा, मारे भागात, सीनच्या काठाला. राहायचं, रांधायचं आणि रंगवायचं एकाच खोलीत. गेलो नेमका डिसेंबरात. सूर्य पावणेनऊला उगवणार, पाचच्या आत गायब. त्यातही ढग. कामाचा उजेड म्हणाल तर दहा ते साडेतीन.

एकदा हट्टाने रात्री बल्बखाली आकाश रंगवलं. अकरा वाजता वाटलं, जमलं बुवा! सकाळी बघतो तर हळदीचं दूध. पिवळ्या दिव्यात पिवळा रंग फिका दिसतो, म्हणून मी आपला ओततच गेलो होतो. तेव्हापासून रंग फक्त दिवसा. कॅनव्हास ताणणं, प्रायमर, पॅलेट खरवडणं, भात टाकणं हे सगळं दिवे लागल्यावर.

*

मी अमेरिकेत होते, न्यू हॅम्पशरमधलं मॅकडॉवेल. 1907 सालचं, झाडीत लांब लांब विखुरलेले स्टुडिओ. दुपारचं जेवण टोपलीत घालून दाराशी ठेवतात आणि हाक न मारता निघून जातात. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अगं, म्हणजे डबाच की!" पहिला आठवडा मी काम कमी आणि पायरीवर टोपली आली का तेच जास्त बघितलं. भिंतीवरच्या लाकडी फळ्यांवर त्या स्टुडिओत आधी राहून गेलेल्यांच्या सह्या असतात. रिकाम्या कॅनव्हाससमोर बसून त्या वाचणं तब्येतीला चांगलं नाही.

*

मी पोराला आईकडे ठेवून पंधराच दिवस गेले होते. रोज सहाला जाग यायची, डब्याच्या वेळेला. डबा नाही, बस नाही. दोन दिवस नुसती छताकडे बघत पडून राहिले. तिसऱ्या दिवशी त्याच वेळी उठून स्केच करायला बसले. दिवसातलं बरं काम तेवढंच व्हायचं, नाश्त्याच्या आधीचं.

*

जुलैत गोव्यात तैलरंग घेऊन जाऊ नका, एवढंच सांगतो. कॅडमियम रेड आठ दिवसांनीही बोटाला लागत होता. तपकिरी अंबर तेवढा शहाणा, लवकर वाळायचा. सकाळी चहाच्याही आधी करंगळी कॅनव्हासच्या कडेला टेकवून बघायची, मग कुठल्या चित्रावर बसायचं ते ठरायचं. तीन चित्रं एकदम चालू ठेवली म्हणून निभावलं. कागदांवर बुरशी आली ती वेगळीच. आमच्याकडे व्यवस्थापक दर दोन दिवसांनी पाहुणे घेऊन यायचे, "बघा, आर्टिस्ट काम करतायत." मी लगेच ब्रश धुवायला घ्यायचो.

*

सगळ्यांचे आभार! एक बावळट प्रश्न: टर्पेंटाइन विमानात चालतं का?

*

नाही गं, चेक-इनमध्येही नाही. तिथेच घे. न्यायच्याच तर बाबांच्या जुन्या गंजीफ्रॉकच्या चिंध्या ने. मी तिथे विकत घेतलेल्या चिंध्या रंग पुसायच्या कमी, फासायच्या जास्त.