इंकटँक प्रिंटर: काळ्या मजकुरात पांढऱ्या रेघा, हेड क्लीनिंग करूनही जात नाहीत

कोराकागद

घरी चार रंगांचा इंकटँक (बाटलीतून टाकीत शाई भरायचा) प्रिंटर आहे, पिझो हेडचा, म्हणजे शाई न तापवता विजेच्या धक्क्याने थेंब ढकलणाऱ्या हेडचा. काळी शाई पिगमेंटची (घन कणांची), बाकी तिन्ही (सायन, मॅजेंटा, पिवळी) डायच्या, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या. छपाई फार होत नाही, दोन-तीन आठवडे एकही पान निघत नाही असंही होतं. आता काळ्या मजकुरात आडव्या पांढऱ्या रेघा येतात. नोझल चेकच्या, म्हणजे हेडची शाई सोडणारी छिद्रं तपासणाऱ्या, पानावर तिन्ही रंग पूर्ण उमटतात, काळ्याच्या नक्षीतले मधले तुकडे मात्र गायब. हेड क्लीनिंग लागोपाठ चालवलं. दर वेळी तुकडे गायब असतातच, पण वेगळ्या जागी. शेवटच्या क्लीनिंगनंतर तर आधीपेक्षा जास्त. टाकीत काळी शाई निम्म्याहून वर आहे.

पॉवर क्लीनिंग नावाचा पर्याय दिसतो, तो लगेच वापरावा का? हेड बाहेर न काढता साफ करता येतं का, आणि कशाने? शिवाय काम झालं की थेट भिंतीवरचं बटण बंद करण्याची सवय आहे. त्याचा याच्याशी काही संबंध?

पिचकारी

पॉवर क्लीनिंगला अजून हात लावू नका. निदान तुमच्या वर्णनातच आहे.

नोझलमध्ये शाई वाळून बसली असेल, तर प्रत्येक चाचणीत तोच तुकडा त्याच जागी गायब राहतो. गायब तुकडे जागा बदलत असतील, तर नोझल बहुतेक मोकळे आहेत आणि त्यांच्यापर्यंत शाई नीट पोचत नाहीये. म्हणजे हेडमध्ये किंवा नळीत हवा शिरली आहे, नाहीतर हेडखालचं बूच नीट ओढत नाहीये. लागोपाठ क्लीनिंग केल्याने हे वाढतं. क्लीनिंगमध्ये हेड एका रबरी बुचावर बसतं आणि खालचा छोटा पंप नोझलमधून शाई ओढतो. त्या ओढीने शाईत बारीक बुडबुडे होतात आणि ते विरायला वेळ लागतो. वेळ न देता पुन्हा ओढलं की आणखी बुडबुडे.

आता असं करा. प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद करा आणि किमान १२ तास तसाच राहू द्या. मग आधी फक्त नोझल चेक. सुधारणा दिसली तर एकच क्लीनिंग, पुन्हा नोझल चेक. अनेक इंकटँक मॉडेलांच्या पुस्तिकेतही हाच क्रम असतो: चेक आणि क्लीनिंगच्या तीन फेऱ्या, मग १२ तासांची विश्रांती, पुन्हा चेक, आणि एवढं करून भागलं नाही तरच पॉवर क्लीनिंग. त्यात नळ्यांमधली शाई मोठ्या प्रमाणात ओढून टाकली जाते, म्हणून प्रत्येक टाकी किमान एक तृतीयांश भरलेली हवी. पातळी त्याखाली असताना चालवलं तर नळीत हवा जाते आणि दुखणं वाढतं. एकदा पॉवर क्लीनिंग केलं की दुसऱ्यांदा करण्याआधी पुन्हा १२ तास.

दोन गोष्टी आधी बघून घ्या. जुन्या टाकीवाल्या प्रिंटरना वाहतुकीसाठी शाई बंद करणारी खुंटी असते. ती अर्धवट फिरलेली असेल तर नेमकी हीच लक्षणं दिसतात. आणि प्रिंटर सपाट जागी, सगळे पाय टेकलेले असू द्या. हेड आणि टाकी यांच्या उंचीतल्या फरकावर शाईचा दाब ठरतो, त्यामुळे टाकीखाली काही ठेवून ती उचलण्याचे प्रयोग नकोत.

दुरुस्तीपेटी

पिचकारी यांच्याशी सहमत. १२ तासांनीही फरक नसेल तर बूच तपासा. माझ्या मते अशा तक्रारींत दोष हेडवर जातो आणि बुचाकडे कोणी बघत नाही.

छपाई सुरू करा, आणि हेड जागेवरून निघून मधे आलं की वीज काढा. आता हेड हाताने हळूच डावीकडे सरकवता येतं. उजव्या टोकाला, हेडच्या नेहमीच्या जागी, स्पंज बसवलेला चौकोनी रबरी कप दिसेल; तेच बूच. त्याच्या काठावर वाळलेल्या शाईचं कड असेल तर हेड घट्ट बसत नाही, पंप शाईऐवजी बाजूची हवा ओढतो. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवलेल्या, तंतू न सुटणाऱ्या कापडाने काठ चारी बाजूंनी पुसा. शेजारी रबराची उभी पट्टी असते, ती हेडचा तळ पुसते. तिच्यावरही शाईचा थर साचतो, तोही काढा.

मग सिरिंजने कपात डिस्टिल्ड वॉटर घाला, काठापर्यंत, ओसंडू न देता. वीज जोडून एक क्लीनिंग चालवा, पुन्हा तशीच वीज काढून बघा. कप रिकामा झाला असेल तर पंप आणि त्याची नळी ठीक. पाणी तसंच असेल तर दोष तिथे आहे, आणि कितीही क्लीनिंग केलं तरी शाई ओढली जाणार नाही.

हे करताना दोन गोष्टींपासून बोटं लांब. हेडच्या मागे आडवी ताणलेली पारदर्शक पट्टी असते, तिच्यावरच्या बारीक रेघा वाचून प्रिंटरला हेड कुठे आहे ते कळतं. तिला शाई किंवा बोटाचा तेलकटपणा लागला की हेड कडेला आपटतं किंवा छपाई सरकते. दुसरी म्हणजे हेडला जोडलेली चपटी केबल. तिच्या टोकाशी पाणी गेलं तर हेडच नव्हे, मुख्य बोर्डही जळू शकतो.

साफ करायला नळाचं पाणी नको, त्यातले क्षार नोझलमध्ये बसतात. ॲसिटोन अजिबात नको, हेडचे थर चिकटवणारा गोंद त्याने सुटतो. आणि सुई तर नोझलच्या जवळपासही नको. ती छिद्रं केसापेक्षा बारीक असतात.

सप्तरंग

भिंतीवरच्या बटणाबद्दल कोणी बोललं नाही. संबंध आहे आणि थेट आहे.

प्रिंटर स्वतःच्या बटणाने बंद केला की तो आधी हेड बुचावर नेऊन बसवतो आणि मग बंद होतो. बुचामुळे नोझलभोवती ओलावा टिकतो. वीज मधेच तोडली आणि हेड तेव्हा बुचावर नसेल, तर नोझल उघडे राहतात आणि वाळू लागतात. कागद अडकल्यावर प्रिंटर तसाच सोडून दिला तरी हेच होतं. म्हणून आधी प्रिंटरचं बटण, दिवा पूर्ण मालवेपर्यंत थांबायचं, मग हवं तर भिंतीवरचं. पण रोज भिंतीवरचं बंद करण्यात फायदा नाही. काही मॉडेलं वीज परत आली की खबरदारी म्हणून थोडी शाई ओढून टाकतात. सेटिंगमधली आपोआप बंद होण्याची वेळ चालू ठेवा, ते पुरेसं आहे.

काळ्यालाच का त्रास, तर पिगमेंट शाईत रंगाचे घन कण आणि त्यांना बांधणारं रेझिन असतं. त्यामुळे साध्या कागदावर अक्षर ठसठशीत येतं आणि पाण्याने फुटत नाही. पण तीच शाई नोझलमध्ये वाळली की डायसारखी पाण्यात सहज विरघळत नाही. म्हणून आठवड्यातून एक पान छापा, आणि त्यात चारही रंग येऊ द्या. नोझल चेकचं पान यासाठी उत्तम: शाई अगदी थोडी लागते आणि प्रत्येक नोझल चालतो. नुसत्या काळ्या मजकुराचं पान छापून रंगीत नोझल वापरले जातील याची खात्री नसते.

तोवर काम अडलं असेल तर एक उपाय. तुमच्यासारख्या प्रिंटरमध्ये कागदाचा प्रकार 'ग्लॉसी फोटो' निवडला की पिगमेंट काळी वापरली जात नाही, कारण ती चकचकीत कागदावर धरत नाही. काळा रंग तीन डाय शाया मिसळून तयार होतो. साध्या कागदावर अक्षर थोडं पसरट आणि तपकिरीकडे झुकणारं येतं, पण वाचता येतं. दर्जा 'स्टँडर्ड'वर ठेवा, नाहीतर कागद ओला होऊन वळतो.

निळीधार

वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे कार्ट्रिजचा प्रिंटर आहे त्यांनी वरचं सगळं जसंच्या तसं करू नये. एप्सन आणि ब्रदरच्या घरगुती इंकजेटमध्ये पिझो हेड प्रिंटरलाच जोडलेलं असतं. एचपी आणि कॅननचं तंत्र थर्मल: शाई क्षणभर तापवून बुडबुड्याच्या जोराने थेंब बाहेर टाकायचा. त्यांच्या अनेक छोट्या मॉडेलांत हेड कार्ट्रिजवरच असतं, म्हणजे कार्ट्रिज बदललं की हेडही नवं.

अशा कार्ट्रिजसाठी कोमट डिस्टिल्ड वॉटरने ओलावलेलं कापड सपाट ठेवा, कार्ट्रिजचा नोझलचा भाग त्यावर मिनिटभर टेकवा, मग उचलून कोरड्या भागावर टेकवा. रंगीत कार्ट्रिज असेल तर तीन रंगांचे स्वतंत्र पट्टे उमटायला हवेत. घासू नका, नाहीतर एका रंगाची शाई शेजारच्या नोझलमध्ये जाते. तांब्याच्या संपर्कबिंदूंना हात लावू नका. आणि थर्मल हेड कोरडं पडलं असताना छपाई रेटू नका: तापणारा भाग शाईनेच थंड राहतो, शाई नसेल तर तो जळतो आणि तो नोझल कायमचा गेला.

कोराकागद

सर्वांचे आभार. १२ तासांनंतर फरक नाही, म्हणून बुचाची चाचणी केली. काठ पुसला, पाणी घातलं, क्लीनिंग चालवलं. कपातलं पाणी जवळजवळ तेवढंच आहे. पुढे काय?

दुरुस्तीपेटी

मग दोष सापडला. स्पंजाखालचं भोक किंवा तिथून पंपाकडे जाणारी नळी वाळलेल्या पिगमेंटने चोंदली आहे.

कपातलं पाणी सिरिंजने काढून घ्या. हेड क्लीनिंग सोल्यूशन मिळालं तर ते, नाहीतर कोमट डिस्टिल्ड वॉटर, २ ते ३ मिली, कपात थेंबाथेंबाने घाला. उकळतं नको, रबर वाकडं होतं. अर्धा तास थांबा, सिरिंजने उपसा, ताजं घाला. उपसलेलं पाणी फिकट होईपर्यंत हे करत राहा. मग कप भरून हेड परत बुचावर सरकवा आणि रात्रभर ठेवा. हेडचा तळही त्यात भिजतो. सकाळी एक क्लीनिंग आणि पाण्याची तीच चाचणी.

कप रिकामा होऊ लागला की नोझल चेक करा. पाणी अजिबात हललं नाही तर नळी निसटलेली किंवा पंप झिजलेला असू शकतो. त्यासाठी आवरण उघडावं लागतं. वॉरंटी चालू असेल तर तिथे थांबून सेवा केंद्रात द्या.

पिचकारी

एक जोड. हे ओढलेलं सगळं पाणी आणि शाई तळातल्या वेस्ट पॅडमध्ये, म्हणजे वाया गेलेली शाई शोषणाऱ्या गादीत, जाते. प्रिंटर प्रत्येक क्लीनिंगची मोजणी ठेवतो आणि मर्यादा आली की छपाई थांबवतो. ज्या मॉडेलांना मेंटेनन्स बॉक्स (तीच वाया गेलेली शाई साठवणारा सुटा डबा) असतो त्यांचा घरी बदलता येतो. नसेल तर पॅड न बदलता नुसती मोजणी शून्यावर आणणारी सॉफ्टवेअरं वापरू नका, भरलेल्या पॅडमधली शाई खालून टेबलावर येते.

सप्तरंग

आणि काळी टाकी पुन्हा भरताना बाटलीवर पिगमेंट आहे की डाय ते बघून घ्या. दोन्ही एकत्र झाल्या तर गुठळ्या होऊ शकतात, आणि मग नळीपासून हेडपर्यंत सगळं धुवावं लागतं.