मदत हवी आहे: २००६ ची मस्टँग जीटी, १ लाख ८ हजार मैल, स्पार्क प्लग कंपनीतलेच आहेत, स्वतः खोलू का?

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय कारण खरंच अडलेय. मी मिशिगनमध्ये कॅन्टनला राहते. मार्चमध्ये जुनी फोर्ड मस्टँग जीटी घेतली, २००६ चं मॉडेल, ४.६ लिटरचं व्ही८, पाच गिअरची मॅन्युअल, काळी. साडेआठ हजार डॉलरला मिळाली. आधीचे मालक वयस्कर गृहस्थ होते, गाडी दर हिवाळ्यात झाकून ठेवायचे त्यामुळे खालून गंज जवळजवळ नाही, आणि इकडे रस्त्यावर मीठ टाकतात हे लक्षात घेता ती फार मोठी गोष्ट आहे. ऑइल बदलल्याची सगळी बिलं त्यांनी बुटाच्या खोक्यात घालून दिली. घरी येऊन एकेक लावत बसले तर प्लग बदलल्याचं बिल एकही सापडेना. फोन करून विचारलं, म्हणाले गाडी छान चालत होती, प्लगला कधी हातच लावला नाही. फोर्डचं वेळापत्रक १ लाख मैलांचं आहे म्हणजे वेळ होऊन गेलीय.

ज्यांनी हे तीन व्हॉल्व्हवालं इंजिन वापरलंय त्यांना प्रश्न काय ते कळलंच असेल, बाकीच्यांसाठी सांगते. नेहमीच्या प्लगला आटे असतात आणि खाली छोटंसं टोक. ह्या इंजिनाचा प्लग लांबलचक आहे, आट्यांच्या खाली एक बारीक नळी असते आणि ती वरच्या भागाला वेगळी जोडलेली असते, एकसंध नसते. वर्षानुवर्षं त्या नळीभोवती कार्बन साचतो, नळी हेडमध्ये (सिलिंडरांवरचा भाग, ज्यात प्लग बसतात) घट्ट चिकटून बसते, मग आपण पाना फिरवला की वरचा भाग हातात येतो आणि नळी आतच राहते. २००७ च्या अखेरीस फोर्डने हेडच बदललं म्हणून पुढच्या गाड्यांना हा त्रास नाही, माझी २००६ ची आहे त्यामुळे आठच्या आठ जुन्या पद्धतीचे.

गेल्या शनिवारी इंजिन पूर्ण थंड असताना पुढच्या १ नंबरची कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) काढली, विहिरीत, म्हणजे प्लग ज्या खोल भोकात बसतो त्यात, हवा मारून घेतली आणि गोटी (नळीसारखा पाना) लावून जेमतेम अष्टमांश फेरा सैल केला. आधी काहीच हललं नाही, मग एकदम कर्रर्र असा आवाज आला आणि तो पान्यातून सरळ मनगटात जाणवला. मी तिथेच थांबले. जसा होता तसा परत घट्ट केला आणि सगळं बंद करून घरात आले.

माझ्या बाबांचं साताऱ्याला गॅरेज होतं, फियाट, ॲम्बॅसिडर आणि महिंद्राच्या जीपा यायच्या, शाळेतून आले की गोट्या हातात द्यायचं काम माझं. त्यांना व्हिडिओ कॉलवर नवीन प्लग दाखवला तर चष्मा लावून बराच वेळ बघत बसले, म्हणाले असला प्लग मी कधी खोलला नाही गं, पण एक सांगतो, कुरकुरणारा आटा कधी ओढायचा नाही, मागे फिरवायचा, तेल द्यायचं आणि थांबायचं. जवळच्या एका गॅरेजमध्ये विचारलं तर साडेनऊशे डॉलर सांगितले आणि जितके तुटतील त्यांचे वेगळे, तुटणार नाहीत असं आम्ही सांगू शकत नाही म्हणाले. म्हणजे तुटायची भीती दोन्हीकडे तीच, फक्त हात कोणाचा एवढाच फरक. म्हणून वाटतंय स्वतःच करावं, पण हेडच खराब झालं तर काय ह्या विचाराने रात्री झोप लागत नाही. कोणी केलंय का हे? काय टाकलंत, किती वेळ ठेवलंत?

अजून काही गोष्टी विचारायच्या आहेत, एकाच धाग्यात विचारते.

इंजिन गरम झाल्यावर सिग्नलला उभी असताना टक टक टक असा बारीक आवाज येतो, गाडी सुटली की जातो. थंड असताना अजिबात नाही. टॅपेट म्हणावं तर हे तसं ऐकू येत नाही, जरा डिझेलसारखं वाटतं.

ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढची, म्हणजे इकडे उजवीकडे बसणाऱ्याच्या पायाखालची चटई ओली सापडली. काचेखालची काळी जाळी उचलून पाहिली तर आत मेपलच्या पंखवाल्या बियांचा आणि कुजलेल्या पानांचा ओंजळभर लगदा निघाला आणि पाणी जायचं भोक पूर्ण बुजलेलं होतं. ते साफ केलं, बाटलीने पाणी ओतून पाहिलं, आता खाली चाकामागे व्यवस्थित पडतंय. पण आत काही बिघडलं असेल का?

बॉनेटच्या पुढच्या कडेला रंगाखाली फोड आलेत, तांदळाच्या दाण्याएवढे. बॉनेट ॲल्युमिनियमचं आहे म्हणजे गंज कसा, हे मला कळलेलं नाही.

आणि शेवटचं, मला ही गाडी थोडी माझ्यासारखी करायची आहे. आवाज जरा भरीव हवा, आणि मागून बघितलं की चाक आणि मडगार्डमध्ये चार बोटं जागा दिसते ती कमी करायची आहे. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ, म्हणजे हौशी लोकांच्या गाड्यांची मिरवणूक, असते, १९९५ पासून चाललीय, मी इकडे आले त्या पहिल्याच वर्षी रस्त्याकडेला खुर्ची टाकून अख्खा दिवस बघत बसले होते. ह्या वर्षी आतून बघायचीय. ही गाडी बनली तो फ्लॅट रॉकचा कारखाना आमच्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर आहे, म्हणून तर आणखीच वाटतं. आधी काय करू, कशावर पैसे घालू, प्लीज सांगा.

—

प्रतिसाद १

ताई, मी ओहायोत असतो, माझ्या २००७ च्या जीटीचे आठ प्लग तीन वर्षांपूर्वी घरीच काढले, एक तुटला, सात अखंड आले. तुम्ही थांबलात ते शंभर टक्के बरोबर केलंत. मी केलं ते सांगतो. इंजिन थंडच पाहिजे. प्रत्येक प्लग अष्टमांश, फार तर पाव फेरा सैल करायचा, त्यापेक्षा जास्त नाही. मग विहिरीत कार्ब्युरेटर क्लीनर मारायचा, प्लगच्या षटकोनाच्या थोडा वर येईल एवढाच. फोर्डच्या सूचनेत निदान १५ मिनिटं थांबा म्हणलंय, मी संध्याकाळी टाकून सकाळी खोलले. त्यानंतर बाबा म्हणाले तेच, घट्ट, सैल, घट्ट, सैल, दर वेळी थोडं थोडं. कर्रर्र आवाज येणारच, त्याला घाबरू नका, आवाज येतोय म्हणजे आटा हलतोय. आवाज थांबून पाना एकदम जड झाला तर घाबरा, तेव्हा परत घट्ट करा, परत क्लीनर, परत थांबा.

इम्पॅक्ट गन (ठोके देत नट फिरवणारं यंत्र) अजिबात नको. तुटलाच तर त्यासाठी लाइलचं खास हत्यार मिळतं, ते आतल्या नळीत आटे पाडून नळी वर ओढतं. काम सुरू करायच्या आधी ते घरात आणून ठेवा, नाहीतर गाडी उघडी टाकून दुकानं शोधत बसाल, माझं तेच झालं होतं.

प्रतिसाद २

वरच्यांनी सगळं नीट लिहिलंय, एकच राहिलं आणि ते महत्त्वाचं आहे. क्लीनर झिरपून सिलिंडरमध्ये उतरतो. सगळे प्लग निघाले की नवीन बसवायच्या आधी पेट्रोल बंद करून, विहिरींवर फडकी टाकून इंजिन दोन-चार वेळा नुसतं क्रँक करा (स्टार्टरने फिरवा), आत साचलेलं बाहेर पडू दे. प्लग बसवून तसाच स्टार्टर मारला आणि आत द्रव असला तर पिस्टन त्याला दाबू शकत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग तुटलेल्या सिलिंडरमध्ये चिनीमातीचा तुकडा तर राहिला नाही ना हे छोट्या कॅमेऱ्याने बघून मगच क्रँक करा.

नवीन प्लग बसवताना निकेलचं अँटीसीझ (धातू चिकटू नये म्हणून लावायचं मलम) फक्त खालच्या नळीला पातळ लावा, आट्यांना लावू नका. टॉर्क, म्हणजे घट्ट करायचा जोर, २५ फूट-पाउंड. किंवा सरळ चॅम्पियनचे एकसंध प्लग घ्या, म्हणजे पुढच्या वेळी ही कटकटच नको.

तुमच्या टक टक बद्दल, हा बहुतेक कॅम फेझरचा आवाज आहे. ह्या इंजिनात कॅमचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं) टायमिंग फेझर ऑइलच्या दाबावर पुढेमागे करतो, गरम झालं की ऑइल पातळ होतं, उभ्या गाडीत दाब कमी, मग फेझर वाजतो. लगेच इंजिन उघडायला जाऊ नका. ऑइल कुठलं आहे आणि किती आहे ते बघा, ५डब्ल्यू-२० आणि ६ क्वार्ट पाहिजे. बरेच जण आवाज दाबायला जाड ऑइल घालतात, मी घालणार नाही, कारण ती यंत्रणा ह्याच जाडीच्या ऑइलवर बेतलेली आहे. ऑइल आणि फिल्टर चांगला टाकून हजार मैल चालवा, आवाज वाढला किंवा इंजिनचा दिवा लागला तर पुढचं बघू.

प्रतिसाद ३

मी पुण्यात रंगकाम करतो, मस्टँग फोटोतच बघितलीय पण ॲल्युमिनियमचे पॅनल बरेच केलेत. फोड येतात ते गंजाचे नाहीत, ॲल्युमिनियमवर पांढरी बुरशी धरल्यासारखं ऑक्साइड होतं आणि ते रंग उचलतं. बॉनेटची कड जिथे दुमडलेली असते तिथे ओल अडकते, म्हणून सुरुवात नेहमी तिथूनच. वरच्यावर घासून रंग मारला तर वर्षाच्या आत परत येणार. धातू पूर्ण उघडा करून, दुमडीच्या आतपर्यंत साफ करून, ॲल्युमिनियमला चालणारा इपॉक्सी प्रायमर मारून मग रंग. आणि लोखंडी पत्रा घासलेला कागद किंवा ब्रश त्यावर वापरू द्यायचा नाही, लोखंडाचे कण राहिले की तिथूनच परत सुरू. हे काम करणाऱ्याला आधी विचारा, तो नुसता हो हो म्हणाला तर गाडी देऊ नका.

प्रतिसाद ४

गाडी खाली घ्यायची असेल तर नुसत्या स्प्रिंगा घेऊ नका. ह्या गाडीला मागे अखंड ॲक्सल आहे आणि तो आडव्या पॅनहार्ड रॉडने बॉडीला धरलेला आहे. गाडी इंच-दीड इंच खाली आली की त्या रॉडचा कोन बदलतो आणि अख्खा ॲक्सल एका बाजूला सरकतो, एका बाजूचं चाक बाहेर दिसतं, दुसरं आत. म्हणून लांबी कमीजास्त करता येणारा रॉड स्प्रिंगांबरोबरच बसवा, आणि पुढची अलाइनमेंट. १ लाख मैल झालेत म्हणजे पुढच्या खालच्या आर्मचे (चाक धरणाऱ्या दांड्यांचे) बुश, म्हणजे रबरी गाद्या, आणि बॉल जॉइंट आधी तपासा, ते गेलेले असताना स्प्रिंगा बदलणं म्हणजे पैसे पाण्यात.

आवाजासाठी मागचे दोन सायलेन्सर बदला, बास. मधले कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढायला कोणी सांगेल, ऐकू नका. मिशिगनमध्ये दरवर्षीची तपासणी नाही म्हणून लोक काढतात पण देशाच्या कायद्यात ते बेकायदाच आहे आणि गाडीत उग्र वास येतो तो वेगळाच.

ओल्या चटईचं हलक्यात घेऊ नका. त्याच बाजूला पायापाशी प्लास्टिकच्या आवरणामागे फ्यूज आणि वायरिंगचा मुख्य डबा असतो. बॅटरीची तार काढून ते आवरण उघडा, कनेक्टरवर हिरवट काही दिसतंय का बघा. आणि टकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगांचं रीकॉल (फुकट बदलून द्यायची मोहीम) ह्या मस्टँगनाही लागू होतं, चासी नंबर टाकून सरकारी साइटवर बघा, राहिलं असेल तर डीलर फुकट करून देतो. मी तर म्हणेन प्लगच्याही आधी हे करा.

—

धागालेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. चासी नंबर टाकला, पॅसेंजरच्या बाजूची एअरबॅग राहिलेली निघाली, पुढच्या मंगळवारची वेळ मिळालीय. तोपर्यंत त्या सीटवर कोणाला बसवत नाही. फ्यूजचा डबा उघडला, एका कनेक्टरच्या कडेला पाण्याचा डाग आहे पण पिना स्वच्छ आहेत, चटईखालचा फोम काढून वाळत घातलाय.

शुक्रवारी संध्याकाळी आठही विहिरींत क्लीनर टाकला. शनिवारी सकाळी सातला सुरू केलं, बाबांकडे तेव्हा संध्याकाळचे साडेचार, फोन रेडिएटरच्या वरच्या पट्टीला टेकवून ठेवला होता. १, २, ३ अखंड आले, नळीवर काळा कार्बन इतका कडक की नखाने निघत नाही. ४ नंबर, अगदी मागचा, हात नीट जात नाही तिथला, तो दोनदा जड झाला, दोनदा परत घट्ट करून क्लीनर टाकला, तिसऱ्यांदा पाना एकदम मोकळा फिरला. बाबांनीच आधी ओळखलं, म्हणाले गेला. नळी आत राहिली. हत्यार आदल्या दिवशीच आणून ठेवलं होतं म्हणून बरं, सावकाश आटे पाडले, नट फिरवत गेले आणि नळी वर आली, चिनीमातीसकट. सगळे तुकडे वर्तमानपत्रावर मांडून जुळवले, काही कमी नाही. कॅमेराही घालून पाहिला, आत स्वच्छ दिसतंय. ड्रायव्हरच्या बाजूचे ५ ते ८ चारही अखंड निघाले.

क्रँक करून घेतलं, ४ नंबरमधून बराच क्लीनर उडाला. एकसंध प्लग घेतलेत, २५ वर घट्ट केलेत. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. ऑइल आणि फिल्टर रविवारी बदलते आणि टक टक बद्दल हजार मैलांनी इथेच लिहिते.

प्रतिसाद ४ वाल्या दादांना एक विचारायचंय, खालच्या आर्मचा बुश गेलाय हे जॅक लावून चाक हलवून कळतं का, की आर्म काढावाच लागतो? उजव्या बाजूला रबराला बारीक भेग दिसतेय, पण चाक हलवलं तर खेळ जाणवत नाही. फोटो काढलाय, उद्या उजेडात अजून एक काढून दोन्ही टाकते.