५०३ च्या बाल्कनीतलं घरटं

बी ५०३ : सगळ्यांना नमस्कार 🙏 सोमवारपासून बी विंगचं रंगकाम सुरू होतंय, त्याबद्दल एक विनंती आहे. मेसेज लांबलाय, पण प्लीज पूर्ण वाचा.
आमच्या बाल्कनीत कपड्यांच्या दोरीच्या टोकाला शिंजीराच्या (सनबर्ड, तो चिमुकला पक्षी) मादीने घरटं केलंय. कोळ्याची जाळी, सुकं गवत, सालीचे तुकडे आणि कुठून तरी आणलेला हिरव्या लोकरीचा धागा. एवढीशी लोंबती पिशवी, तिला बाजूने दार आणि दारावर चक्क छज्जा! सगळं तिने एकटीने बांधलं. गेल्या रविवारपासून ती आत बसून आहे, बाहेरून फक्त बाकदार चोच दिसते. अंडी उबायला साधारण पंधरा दिवस लागतात आणि पिल्लं उडायला जवळपास तेवढेच. परांची लागून भिंत घासायला सुरुवात झाली तर ती घरटं टाकून जाईल हो.
आम्ही दोघं रविवारी पहाटे पुण्याजवळ कवडीपाटला पक्षी बघायला जातो. थर्मासमध्ये चहा, आणि लग्नाच्या आहेराच्या पैशांतून घेतलेली दोघांत एक दुर्बीण. थंडीत तिथे चक्रवाक येतात, त्यांच्यासाठी काकडत बसलोय. इथे राहायला येऊन पाच महिने झाले, अजून दोन खोकी उघडायची आहेत, आणि हिने आमच्याआधी घर लावलं. दोरी आम्ही वापरत नाही, कपडे बेडरूममध्ये वाळतात.

ए १०२ : भावना समजते, पण पावसाआधी काम संपलंच पाहिजे. गेल्या वर्षी आमच्या भिंतीला ओल आली होती. एका घरासाठी सगळं थांबवू नये.

बी ५०३ : काका, बरोबर आहे तुमचं. सगळं थांबवू नका, फक्त आमची बाजू शेवटी घ्या. परांची दुसऱ्यांदा बांधायचा खर्च आला तर आम्ही देऊ.

बी १०३ : अगं, लहानपणी आमच्याकडे फोटोच्या मागे चिमण्या घरटं करायच्या. पिल्लं उडेपर्यंत आई पंखा लावू द्यायची नाही, ऐन मे महिन्यात! सेक्रेटरी भाऊ, बघा ना काहीतरी.

सेक्रेटरी : कॉन्ट्रॅक्टरशी बोललो. सोमवारी ए विंगपासून सुरुवात करतील, मग बी विंगची मागची बाजू. ५०३ ची बाजू सगळ्यात शेवटी. जादा खर्च नाही. १०२, तुमची ओलीची भिंत पहिल्याच दिवशी घेतो.

ए १०२ : मग काहीच हरकत नाही. नातीला दाखवायला आणू का?

बी ५०३ : नक्की आणा काका! काचेच्या आतून बघू, दुर्बीण आहेच. फक्त फ्लॅश नको.

(चोवीस दिवसांनी)

बी ५०३ : पिल्लं उडाली!! दोन होती. सकाळी साडेसहाला नवऱ्याने हाक मारली तेव्हा दुसरं दारात बसून होतं, बाप समोरच्या ग्रिलवर ओरडत होता. आत्ता एक ४०३ च्या जास्वंदीवर आहे, तिकडची खिडकी जरा हळू उघडा. रंगाऱ्यांना उद्या पाठवलं तरी चालेल.